नाव असं ठेवा की शाळेत कुणी नावं ठेवणार नाही: खान्देशातल्या नव्या आईबाबांसाठी

आमच्या थोरल्याचं नाव आम्ही 'वेद' ठेवलं होतं. दोन अक्षरी, अर्थ मोठा, पत्रिकेवर छापलेलंही सुरेख दिसलं. बारसं होऊन आठ दिवस झाले असतील, सासूबाई अंगणातून हाक मारत होत्या, "येद बेटा, आंगे ये." त्यात वावगं काहीच नव्हतं. आमच्याकडे वेळ नाही, येळ असते. वेळेला येळ म्हणणारी जीभ वेदला येदच म्हणणार. आम्ही हसलो आणि विसरलो.

तो दुसरीत गेला तेव्हा त्या येदचं येडं झालं. खेळताना 'येडा येद, येडा येद' असा तालच धरला होता पोरांनी. तिसरीत असताना एक दिवस तो सकाळी दप्तर घेऊन निघाला आणि शाळेऐवजी शेतातल्या गोठ्यात जाऊन बसला. दुपारी सापडला. का गेलास म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाला, "मला दुसरं नाव द्या." त्या दिवशी मी फार रडले, कारण मुलाची काही चूक नव्हती, सासूबाईंच्या जिभेची नव्हती आणि त्या पोरांचीही फारशी नव्हती. नाव ठेवताना ते आपल्या बोलीत म्हणून बघायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी मुलगी झाली तेव्हा आम्ही सहा महिने आधीपासून वही केली. तीच वही इथं मांडते आहे. तुमच्या घरी पाळणा हलणार असेल तर वाचा.

१. दवाखान्यातल्या कागदावर घाईनं नाव लिहू नका

बाळ जन्मलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी फॉर्म घेऊन येतं आणि विचारतं, नाव काय लिहू? आई अर्धवट झोपेत, बाबा औषधांच्या दुकानात, आणि मामा फोनवर आठवेल ते नाव सांगून मोकळा. असं करू नका. जन्माची नोंद आणि नावाची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते. नावाची जागा मात्र कोरी सोडता येते. नाव नंतर नोंदवायला नोंदणीपासून १२ महिने मिळतात आणि त्याला काही शुल्क लागत नाही. त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. तेव्हा बारसं बाराव्या दिवशी करायचं असलं तरी कागदावर नाव चढवायला आणखी दोन-तीन महिने घ्या. तेवढ्या दिवसांत हे नाव घरात, गल्लीत, भाजीवालीच्या तोंडी कसं वाजतं ते कळतं. वेदच्या वेळी आम्ही फॉर्मवर तिसऱ्याच दिवशी नाव लिहून दिलं होतं. थांबलो असतो तर सासूबाईंची हाक आमच्या कानावर वेळेत पडली असती.

२. पत्रिकेचं अक्षर अवघड आलं तर दोन नावं ठेवा

नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढायची पद्धत आपल्याकडे अजून घट्ट आहे आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. अडचण अक्षरांची आहे. पूर्वाषाढा नक्षत्राच्या चौथ्या चरणाला 'ढ' येतो. हस्ताच्या तिसऱ्या-चौथ्या चरणाला 'ण' आणि 'ठ'. उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ'. आता ढ वरून देवाचं नाव ढुंढिराज आहे, गणपतीचंच आहे, पण ज्या भाषेत 'ढ' म्हणजेच मठ्ठ मुलगा, तिथं ते नाव घेऊन पोर वर्गात बसणार आहे.

यावर उपाय आपल्या रीतीतच आहे. जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं. जन्मनाव पत्रिकेत राहू द्या, लग्नकार्यात, पूजेत लागलं की काढा. कागदावर दुसरं. घरातल्या मोठ्यांना हे आधीच समजावून सांगा, बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी वाद नको.

३. नाव अहिराणीत म्हणून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. नावांच्या याद्या पुण्या-मुंबईच्या जिभेसाठी केलेल्या असतात. आपलं बाळ ज्या तोंडांतून हाक ऐकणार आहे ती तोंडं अहिराणी बोलतात, रावेर-यावलकडे लेवा बोली बोलतात, सातपुड्यात भिली आणि पावरी बोलतात. आजीला 'वे म्हण, वे' असं शिकवत बसू नका. आजी चुकत नाही, ती तिची बोली बोलते. नाव तिच्या तोंडात बसणारं शोधणं हे आपलं काम.

आमच्या वहीत अशा नोंदी होत्या:

'ळ' चा 'य' होतो. केळीची केयी होते, तसं गोपाळचं गोपाय, नीळकंठचं नीयकंठ. घरात लाडानं 'बाळू' म्हणत असाल तर तो 'बायू' होणार आणि मुलाला बाई म्हणून चिडवायला पोरांना तेवढं पुरतं.

'वि' चा 'इ' आणि 'वे' चा 'ये'. विहिरीची इहीर, विठ्ठलचं इठ्ठल, विशालचं इशाल. इशालला काही त्रास नाही, गोड वाटतं. वेदांत, वेदिका या नावांवर मात्र थांबून विचार करा. त्यांचं 'येद' होणं आम्ही भोगलं आहे.

'श' आणि 'ष' चा 'स'. ऋषीचा रुसी झाला की 'रुसला का रे रुसी' हे ठरलेलं.

जोडाक्षर फुटतं. प्रथमेशचं परथमेस, स्वप्नीलचं सपनील. नाव मोडलं म्हणजे वाईट असं नाही. मोडल्यावर जो शब्द उरतो त्याला बोलीत काही वाईट अर्थ आहे का, एवढंच बघायचं.

परीक्षा सोपी आहे. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला नाव लिहून न दाखवता तोंडी सांगा आणि पाच वेळा हाक मारायला लावा. मग दूर उभं राहून ऐका. 'तुनं नाव काय शे?' असं कुणी विचारलं तर मूल काय उत्तर देईल आणि समोरच्याला काय ऐकू येईल, ते कानांनी ठरवा, डोळ्यांनी नव्हे.

४. पटांगणात ओरडून बघा

शाळेत पूर्ण नावानं फक्त हजेरी होते. बाकी सगळा वेळ नावाला 'या' लागतो. गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या, संदीपचा संद्या. मुलींना शेवटी 'ई' किंवा 'डी' लागते: संगीताची संगी, मनीषाची मनी. निवडलेलं नाव आधी असं तोडून वहीत लिहा. मग यमकं जुळवा. ज्या नावाशी पहिल्याच झटक्याला खाण्याची वस्तू, प्राणी, आजार किंवा शरीराचा भाग जुळतो, ते नाव पोरं पहिल्याच आठवड्यात शोधून काढतात.

आमच्या मुलीच्या वेळी नद्यांची नावं घ्यायचं ठरलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून भडगावच्या नणंदबाईंनी हौसेनं 'गिरणा' सुचवलं. त्यांच्या शेताला गिरणेचंच पाणी. नाव मलाही फार आवडलं होतं. पण ओरडून बघितलं तर गिरणीच ऐकू आली, आणि पाठोपाठ चक्की, पीठ, दळण. आमचे सासरे, गाव त्यांना जिभाऊ म्हणतं, ते म्हणाले तापी ठेवा, तापीमायचं नाव आहे. तापी म्हटलं की 'ताप आला'. 'मुक्ता'वर आम्ही आठ दिवस काढले. मुक्ताबाईंचं स्थान आपल्याच जिल्ह्यात, मुक्ताईनगरला, त्यामुळे घरात सगळ्यांचा जीव त्या नावात होता. पण त्याची 'मुकी' होईल हे नणंदेच्या मुलानंच दाखवून दिलं.

शेवटी 'रेवा' उरलं. माझं माहेर शहादा, तिथून वर सातपुडा चढून पलीकडे उतरलं की नर्मदा. तिचंच हे नाव. रेवाचं काय होतं? रेवडी. आम्ही दोघं थांबलो आणि विचार केला: कुणी रेवडी म्हटलं तर आपली मुलगी रडेल की 'हो, गोड आहे' म्हणून हसेल? हसेल असं वाटलं. कशालाच कुणी चिडवू शकणार नाही असं नाव आम्हाला सापडलं नाही आणि तुम्हालाही सापडणार नाही. वाईटात वाईट काय होईल ते आधीच शोधा आणि तेवढं मुलाला पेलेल का, हे बघा.

५. आडनावाला जोडून वाचा

आपल्या भागातली आडनावं अर्थाची आहेत: झोपे, रडे, भोळे, कोल्हे, तळेले. पिढ्यान्पिढ्या अभिमानानं मिरवलेली आडनावं आहेत ही आणि त्यांच्यात बदलण्यासारखं काही नाही. पहिलं नाव निवडताना मात्र दोन्ही एकत्र वाचा. झोपे आडनावापुढे जागृती, रडे आडनावापुढे हसमुख, कोल्हे आडनावापुढे चतुर, तळेले आडनावापुढे शीतल, ही जोडी हजेरीत वाचली की वर्ग हसणारच. पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे यांना ही चिंता नाही. त्यांची अडचण वेगळी: एकाच वर्गात त्याच नावाचे तीन-तीन पाटील बसतात आणि मग त्यांना ओळखायला 'जाड्या', 'काया' (म्हणजे काळा) अशी विशेषणं लागतात. गावात, भावकीत त्या वर्षी कोणती नावं ठेवली आहेत तेवढी चौकशी करा.

आद्याक्षरंही तपासा, इंग्रजी अक्षरांतसुद्धा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमानं लिहायचं आहे. म्हणजे आता अक्षरं तीन नाहीत, चार. समजा मुलगा ध्रुव, आई उषा, वडील मनोज आणि आडनाव बाविस्कर. इंग्रजी आद्याक्षरं होतात डी, यू, एम, बी. ते एकत्र वाचलं की इंग्रजीत मठ्ठ. वही-पुस्तकांवर, खेळाच्या टी-शर्टवर हीच अक्षरं येतात.

६. सुरत आणि सेंधव्यातही म्हणून बघा

खान्देशातली किती घरं सुरतेला कामाला आहेत ते तुम्हाला सांगायला नको. उधना, लिंबायत भागात गेलं तर अहिराणीच कानावर पडते. उद्या तुमची बदली, धंदा, मुलाचं शिक्षण त्या बाजूला झालं तर नाव गुजरातीतही जगायला हवं. तिथल्या जुन्या बोलीत 'स' चा 'ह' होतो, सुरतेलाच म्हातारे लोक हुरत म्हणतात. 'स' नं सुरू होणारं नाव 'ह' लावून एकदा बोलून बघा. तशीच परीक्षा हिंदीत, कारण बऱ्हाणपूर आणि सेंधवा आपल्या दाराशीच आहेत.

काही गोष्टी मात्र कुणालाच आधी दिसत नाहीत. माझा एक भाचा विकास नावाचा, सुरतेत शिकत होता. २०१७ साली गुजरातेत 'विकास गांडो थयो छे' ही ओळ सगळीकडे फिरली. गुजरातीत त्याचा अर्थ विकास वेडा झाला एवढाच, पण मराठी घरातून आलेल्या पोरांना त्यात आणखी काय ऐकू आलं असेल ते कळतंच. वर्षभर त्यानं ते सोसलं. तसंच निरमा पावडरचं. कर्सनभाई पटेलांनी आपल्या निरुपमा नावाच्या मुलीच्या लाडक्या नावावरून ते ठेवलं, आणि आमच्या लहानपणी गल्लीतल्या निर्मला नावाच्या प्रत्येक मुलीला जाहिरातीचं गाणं ऐकावं लागलं. यात आईबापांचा दोष नाही. म्हणून स्वतःला फार टोचून घेऊ नका.

७. आजोबांचं नाव ठेवायचं असेल तर

आपल्या आजोबांच्या पिढीत सुपडू, भिका, दगडू, धुडकू अशी नावं घरोघरी आहेत. त्यामागे दुःख आहे. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून पुढचं मूल सुपात घालून दुसऱ्याला द्यायचं आणि परत मागून घ्यायचं, तो सुपडू. भिक्षा म्हणून मागून घेतलेला तो भिका. दगडासारखा टिकावा म्हणून दगडू. नजर लागू नये, मृत्यूनं याच्याकडे बघू नये, म्हणून मुद्दाम साधं नाव. ही नावं आईबापांच्या काकुळतीतून आली आहेत आणि ती ज्यांनी आयुष्यभर मानानं वागवली त्यांच्यासमोर 'जुनाट नाव' असं कधीही म्हणू नका.

पण नकुशी हे नाव या रांगेत बसत नाही. मुलगी नको म्हणून नकुशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात प्रशासनानं पुढाकार घेऊन अशा मुलींना नवी नावं दिली. आपल्याकडे कुठल्याही मुलीला नकुशी, नकोशी म्हणत असतील, अगदी लाडानंसुद्धा, तर ते आजच थांबवा.

आजोबांची आठवण ठेवायची असेल तर नावाचा अर्थ घ्या. दगडूचा अर्थ टिकणारा, तर चिरंजीव, अचल, ध्रुव अशी नावं आहेत. किंवा त्यांचं गाव, त्यांचं दैवत घ्या. जुनं नाव तसंच्या तसं ठेवायची इच्छा असेल तर तेही ठेवा, पण मुलाला त्या नावाची गोष्ट पहिलीत जायच्या आधी सांगून ठेवा. ज्याला आपल्या नावाची गोष्ट माहीत असते ते पोर पटकन खचत नाही. १८८० साली आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंचं नाव आज जळगावच्या विद्यापीठाला आहे. आपल्या मुलीचं नाव बहिणा ठेवणाऱ्यानं तिला हे सांगावं.

सातपुड्यातल्या घरांसाठी एक गोष्ट मनापासून सांगते. वारावरून ठेवलेली सोम्या, बुध्या, मंगल्या ही नावं तुमची आहेत. शाळेत दाखला घेताना कुणी 'चांगलं नाव लिहू का' म्हणून परस्पर बदलत असेल तर नको म्हणा. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, आणि लिहून झाल्यावर वाचून घ्या.

८. घरचं नाव

पिंट्या, ढब्ब्या, चिंगी, काऊ. पाहुणे शाळेच्या दारात येऊन याच नावानं मोठ्यानं हाक मारतात आणि दुसऱ्या दिवसापासून कागदावरचं नाव कुणाला आठवत नाही. पायरी तीन आणि चारची परीक्षा घरच्या नावालाही लावा.

९. मुलांना विचारा

मोठ्यांना विचारलं की ते अर्थ सांगतात, देवाचं सांगतात, छान आहे म्हणतात. आठ ते बारा वयाची तीन-चार पोरं बोलवा, शेव-मुरमुरे द्या आणि सांगा, या नावाला काय काय चिडवता येईल ते सांगा, मी रागावणार नाही. पाच मिनिटांत सगळं बाहेर येतं. 'मुक्ता'ची 'मुकी' आम्हाला अशीच कळली.

१०. कागदपत्रं

नावाची नोंद जन्म जिथं झाला तिथं होते, तुम्ही राहता तिथं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर माहेरची ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, सुरतेत झालं असेल तर सुरत महानगरपालिका. सरकारी दवाखान्यात जन्म असेल तर आधी तिथंच चौकशी करा. मी चोपड्याला दोन चकरा मारल्यावर लक्षात आलं की जायचं शहाद्याला होतं.

सोबत हे न्या:
– नावाशिवायचा जन्म दाखला किंवा दवाखान्याचा कागद
– आई आणि वडील दोघांचं आधार कार्ड, मूळ आणि झेरॉक्स
– नाव नोंदवण्याचा अर्ज, दोघांच्या सहीनं
– एका कोऱ्या कागदावर मराठी आणि इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं पूर्ण नाव

शेवटचा कागद कुणी मागत नाही, तरीही न्या. तोंडी सांगितलेलं नाव लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ आणि इंग्रजी स्पेलिंग चुकतं. दाखला हातात आला की खिडकीपाशीच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, वाहन परवाना या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा म्हणून धरला जातो, त्यामुळे त्यावरची एक वेलांटी पुढे वीस ठिकाणी जाते. आधार नंतर काढा, दाखल्यावर जसं आहे तसंच नाव घालून.

११. नाव आधीच ठेवून झालं असेल आणि मूल रडत असेल

आधी शाळेत जा. शिक्षकांना एकांतात सांगा. वर्गासमोर 'याला चिडवू नका' म्हटलं तर चिडवणं वाढतं. बऱ्याचदा शिक्षकांनी हजेरीत, खेळात पूर्ण नाव आवर्जून घेतलं की महिन्याभरात फरक पडतो. आमच्याकडे नाही पडला.

मग नाव बदला, आणि ते लवकर, प्राथमिक शाळेतच. नावबदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, छापावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आईवडील करतात. जुन्या नावाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि कारण लागतं. राजपत्र आलं की शाळेच्या नोंदवहीत बदल करायला मुख्याध्यापकांमार्फत अर्ज, मग आधार. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुनं नाव छापून झालं की काम फार अवघड होतं. जन्मनोंदीत मात्र लिहिण्यातली चूकच दुरुस्त होते. आवडलं नाही म्हणून नाव बदलणं ही चूक धरत नाहीत, त्यामुळे राजपत्राची प्रत जन्मदाखल्यासोबत कायम जपून ठेवा. आम्ही पाच प्रती काढून प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या आहेत.

नवं नाव मुलाला निवडू द्या. आमचा लेक मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या यात्रेला सारंगखेड्याला आला होता, घोडे बघायला. परत येताना गाडीत म्हणाला, सारंग ठेवा. आम्ही घरी येऊन सासूबाईंना पाच वेळा हाक मारायला लावली. पाचही वेळा सारंगच आलं.